जॅकवरची गाडी आणि आपली जबाबदारी

पेढीचा हिशेब आपण पैशापर्यंत जुळवतो. गोदामात पोती किती, उधारी कोणाकडे किती, तिजोरीची दुसरी किल्ली कोणाजवळ, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. परंतु दारात उभ्या असलेल्या पिकअपमधील जॅक किती टनांचा आहे आणि तो शेवटचा कोणी व केव्हा तपासला, हा प्रश्न विचारला तर बहुतेक मालक ड्रायव्हरकडे पाहतील, आणि ड्रायव्हर क्लिनरकडे पाहील.

आमच्या घरीही असेच होते. काही वर्षांपूर्वीची श्रावणातील गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डातून गूळ, साखर आणि तेलाचे डबे भरून आमची पिकअप पहाटे जतकडे निघाली होती. कवठेमहांकाळ ओलांडल्यावर मागचे डावे चाक बसले. रात्रभर भुरभूर पाऊस पडून गेला होता. ड्रायव्हरमामांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. क्लिनर मुलगा चपळ, कामाला वाघ. त्याने चाकामागे एक दगड टेकवला, थेट साईडपट्टीवर जॅक ठेवला आणि गाडी उचलून घेतली. मग स्टेपनी काढण्यासाठी तो गाडीखाली सरपटत शिरला, ती काढून बाहेर आला आणि नट खोलून चाक उतरवले. नवे चाक हातात धरून तो वळतो न वळतो तोच जॅकचा तळ ओल्या मातीत खचला, जॅक कलला आणि भरलेली गाडी धाडकन खाली आली. ब्रेकचा ड्रम जमिनीत रुतला. त्या जागी मिनिटभरापूर्वी त्या मुलाची छाती होती.

फोन आला तेव्हा माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, पेढीवर बसले होते. मालाचे काय झाले, हे त्यांनी विचारले नाही. "पोरगं कसं आहे?" एवढेच विचारून ते स्वतः तिकडे निघाले. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी तो जॅक बैठकीत आणून ठेवला आणि आम्हा सर्वांना विचारले, "हा जॅक गाडीत कोणी दिला?" कोणी बोलेना. तो जॅक आमच्या विकून टाकलेल्या जुन्या मोटारीचा होता. पिकअपचा मूळ जॅक बिघडल्यावर "तात्पुरता" म्हणून आम्हीच तो दिला होता, आणि त्या तात्पुरत्याला दोन वर्षे उलटून गेली होती. चूक मुलाची नव्हती. ती आमची होती.

त्या दिवसापासून या विषयात मी जे शिकलो, ते आपल्या वाचकांपुढे ठेवतो. ज्यांच्या पेढीपुढे छोटा हत्ती किंवा पिकअप उभी असते, त्या प्रत्येक घराला याचा उपयोग व्हावा.

वजनाचा ताळेबंद

प्रथम वजनाचा विचार करू. दीड टन माल घेणाऱ्या पिकअपचे स्वतःचे वजनही साधारण तितकेच किंवा थोडे अधिक असते. म्हणजे भरलेली गाडी तीन टनांच्या घरात जाते. हा भार चारही चाकांवर सारखा वाटला जात नाही. माल मागच्या हौद्यात असल्याने मोठा वाटा मागच्या एक्सलवर येतो, आणि मागच्या एकेका चाकाखाली जवळजवळ एक टन वजन असू शकते. मोटारीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक हा रिकाम्या, हलक्या वाहनासाठी केलेला असतो. तो पिकअपखाली लावणे म्हणजे किराणा दुकानातील तराजूत गुळाची रवाच रवा मोजण्यासारखे नव्हे, अख्खी गाडीच तोलण्यासारखे आहे.

आपल्या गाडीचे रिकामे वजन आणि भारासह वजन नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. जॅकच्या अंगावर त्याची क्षमता कोरलेली किंवा चिकटवलेली असते. हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत. एकच चाक उचलायचे असले तरी जॅकची क्षमता त्या चाकावरील भाराच्या काठावर नको, चांगली वरचढ हवी. भरलेल्या पिकअपसाठी तीन टनांचा किंवा त्याहून मोठा हायड्रॉलिक जॅक ठेवणे शहाणपणाचे.

लहान हाताने मोठे वजन कसे उचलते?

बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक ज्या तत्त्वावर चालतो, ते सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या नावाने ओळखले जाते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. जॅकमध्ये एक बारीक दट्ट्या आणि एक जाड दट्ट्या असतो व दोहोंमध्ये तेल असते. समजा, बारीक दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि जाड दट्ट्याचा ३ सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून जोर ९ पट होतो. दांडीमुळे आणखी १५ पट लाभ मिळाला, तर एकूण १३५ पट. घर्षणात जाणारा भाग सोडला, तर हाताने लावलेल्या १० किलोच्या जोराला १,३५० किलोचे वजन उचलले जाते.

परंतु व्यापारात जसे फुकट काही मिळत नाही, तसे यंत्रातही मिळत नाही. जोर जितका वाढतो, तितके अंतर घटते. म्हणूनच दांडी बराच वेळ मारल्यावर गाडी बोटभर वर येते.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. हे सारे वजन आतील तेलावर आणि त्या तेलाला अडवून धरणाऱ्या रबरी सीलवर तोललेले असते. सील झिजले, सोडण्याचा स्क्रू किंचित ढिला राहिला किंवा तेल गळले, तर गाडी खाली येते. कधी हळूहळू येते, कधी एकदम. म्हणून मिस्त्री लोक सांगतात ते सूत्र पाठ करावे: जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, गाडी धरून ठेवण्याचे नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. क्षणभरही नाही, आणि खाली पडलेला नट उचलण्यासाठीही नाही.

जागा निवडणे हेच अर्धे काम

चाक बसल्याबरोबर गाडी जिथल्या तिथे थांबवण्याचा मोह होतो. टायर खराब होईल, ही भीती त्यामागे असते. परंतु वळणावर, उतारावर किंवा मऊ मातीत थांबण्यापेक्षा अगदी सावकाश थोडे पुढे जाऊन सपाट व कठीण जागा गाठावी. त्यात टायर गेला तरी तो बाजारात मिळतो.

आपल्याकडील काळी माती हा यातील मोठा शत्रू. उन्हाळ्यात ती दगडासारखी भासते, पण एका पावसात तिचे लोणी होते. मुरूम टाकलेली साईडपट्टीही पावसाळ्यात वरून घट्ट आणि आतून पोकळ असते. म्हणून जॅकखाली नेहमी जाड, कठीण लाकडाची फळी घालावी. साधारण एक फूट लांब-रुंद आणि दोन इंच जाड बाभळीचा किंवा सागवानी तुकडा गाडीत कायम असावा. वीट कधीही वापरू नये. भाराखाली ती अचानक फुटते. दगडावर जॅकचा तळ सपाट बसत नाही. तसेच उंची कमी पडते म्हणून जॅकच्या डोक्यावर लाकडाचे तुकडे रचू नयेत. उंची वाढवायची ती खालून, रुंद आणि सपाट पायावर.

थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावेत. परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे किमान पन्नास मीटरांवर, म्हणजे साठ-सत्तर पावले चालून ठेवावा. वळण असेल तर तो वळणाच्याही अलीकडे ठेवावा. गाडीतील सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. रस्त्याच्या बाजूचे चाक बसले असेल आणि वाहतूक वेगात असेल, तर स्वतः हात लावण्याआधी मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. तो ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये नोंदवलेला असावा.

गाडी घरंगळते ती का?

"हँडब्रेक लावला, गिअरमध्ये टाकली, आता काय होणार?" असे अनेकांना वाटते. गिअरचा भरवसा का धरू नये, हे समजून घेण्याजोगे आहे. पिकअपला इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे जाते आणि दोन्ही चाकांमध्ये डिफरन्शिअल असते. वळणावर आतले चाक कमी व बाहेरचे अधिक फिरावे, यासाठी ती योजना आहे. मागचे एक चाक हवेत उचलले की त्याला अडवणारे काही उरत नाही. ते मोकळे फिरू शकते, आणि त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाकही, गाडी गिअरमध्ये असूनही, घरंगळू शकते. मग सारा भार हँडब्रेकवर येतो. भरलेल्या जुन्या गाडीचा हँडब्रेक किती विश्वासाचा असतो, हे ड्रायव्हरांना विचारावे.

म्हणून इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात घालावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये टाकावी, आणि याशिवाय जे चाक बदलायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून व मागून दोन्हीकडून पाचर लावावी. मागचे डावे चाक उचलायचे असेल, तर पुढच्या उजव्या चाकाला. लाकडाच्या उतरत्या पाचरी सुताराकडून अर्ध्या तासात करून मिळतात.

क्रम चुकवू नये

पुढील कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक पायरीला कारण आहे.

पहिली पायरी: स्टेपनी आधी काढावी. पिकअपची स्टेपनी बहुधा मागे, हौद्याच्या खाली टांगलेली असते. ती गाडी चारही चाकांवर उभी असतानाच उतरवावी. आमच्या क्लिनरने नेमके उलटे केले होते. स्टेपनीत हवा आहे की नाही, तेही आत्ताच पाहावे. गाडी उचलल्यावर स्टेपनी बसलेली निघाली, तर गाडी अर्धी हवेत ठेवून वाट पाहण्याची वेळ येते.

दुसरी: माल पाहावा. तेलाचे डबे, ड्रम किंवा एका बाजूला रचलेली पोती गाडी कलली की सरकतात. शक्य असेल तेथे माल उतरवावा किंवा दुसऱ्या गाडीत घ्यावा. शक्य नसेल आणि जॅक पुरेसा नसेल, तर जवळच्या गॅरेजमधून मोठा जॅक मागवावा. दोन तास उशीर झाला, तर गिऱ्हाईक समजून घेते.

तिसरी: चाक जमिनीवर असतानाच सर्व नट अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत. घट्ट बसलेला नट सोडवण्यासाठी पान्याला जो झटका द्यावा लागतो, तो उचललेल्या गाडीला जॅकवरून ढकलून देण्यास पुरेसा असतो. नट या वेळी पूर्ण काढू नयेत.

चौथी: जॅक योग्य जागी लावावा. ही जागा गाडीच्या माहितीपुस्तकात चित्रासह दिलेली असते, आणि तेच प्रमाण मानावे. ज्या पिकअपला मागे अखंड एक्सल व पाटे असतात, तिथे मागचे चाक बदलताना जॅक सामान्यतः एक्सलखाली, पाट्याजवळ लावतात. त्यामुळे थोडे उचलताच चाक सुटे होते. तोच जॅक चासीखाली लावला, तर पाटे सैल होईपर्यंत गाडी बरीच वर न्यावी लागते. गाडी जितकी उंच, तितकी ती डळमळीत. डिफरन्शिअलच्या गोल पोटाखाली बाटली-जॅक लावू नये, तो निसटतो. पुढच्या चाकांची रचना गाडीगणिक वेगळी असते, तेथे अंदाजाने जॅक लावू नये. पत्र्याला, पायरीला किंवा पाइपला जॅक लावणे तर सर्वथा टाळावे.

पाचवी: सावकाश उचलावे. दोन-चार वेळा दांडी मारून थांबावे आणि जॅक सरळ उभा आहे का, फळी खचते आहे का, हे पाहावे. किंचितही कलला, तर हट्ट न धरता गाडी खाली घेऊन पुन्हा मांडणी करावी. चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटले की पुरे. हवा भरलेल्या चाकाला थोडी अधिक जागा लागते, तेवढेच आणखी उचलावे.

सहावी: चाक काढण्यापूर्वी स्टेपनी आडवी करून चासीखाली, जॅकच्या शेजारी सरकवावी. ती हाताने आत न घालता पायाने किंवा दांडीने लोटावी. जुने चाक निघाले की ते तेथे सरकवून स्टेपनी बाहेर घ्यावी. अशा रीतीने पूर्ण वेळ गाडीखाली एक चाक राहते. दुर्दैवाने जॅक निसटला, तर गाडी त्या चाकावर विसावते आणि माणूस वाचतो. या एका सवयीला एक पैसाही खर्च येत नाही.

सातवी: नवे चाक दोन्ही बाजूंनी धरून बसवावे. टायरच्या खाली बोटे घालू नयेत. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून सर्व नट आधी हाताने फिरवावेत, मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. शेजारशेजारचे नट ओळीने आवळल्यास चाक तिरपे बसते. खालचे चाक काढून घ्यावे, जॅकचा स्क्रू अगदी हळू सोडून गाडी पूर्ण जमिनीवर आणावी आणि मगच नट त्याच क्रमाने अखेरचे घट्ट करावेत. पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हा तपासावेत. नवे बसवलेले चाक थोडे जागा घेते आणि नट सैल पडू शकतात.

पंक्चर काढायला चाक गावात न्यायचे असेल, तर गाडी जॅकवर सोडून कोणीही जाऊ नये. स्टेपनी बसवून गाडी चाकांवर उभी करावी. गोदामाच्या आवारात टायर अदलाबदल करायची असेल, तर लोखंडी स्टँड वापरावेत. आपल्या गोदामामागेच बहुधा घर असते आणि सुट्टीत मुले आवारातच खेळत असतात, हेही विसरू नये.

रस्त्यावर राहिलेला दगड

आणखी एक गोष्ट मनाला लावून घ्यावी अशी आहे. पाचर नसली की ड्रायव्हर रस्त्याकडेचा दगड चाकाला लावतात. चाक बदलून झाले की गाडी निघून जाते आणि दगड डांबरावर तसाच राहतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही. आपल्या मालाची गाडी वेळेवर पोहोचते, पण कोणा अनोळखी घरचा कर्ता माणूस घरी पोहोचत नाही. हे कृत्य कोणी जाणून करत नाही. परंतु परिणाम जाणून-न जाणून सारखाच असतो. त्रिकोणाच्या जागी ठेवलेल्या झाडाच्या फांद्या, दगडांच्या रांगा यांचेही तेच. आपल्या ड्रायव्हरला मालकाने स्पष्ट सांगावे: गाडी हलवण्यापूर्वी मागे चालत जाऊन रस्ता साफ करायचा. लाकडी पाचर गाडीत असेल तर ती परत घ्यावीशी वाटते, दगड कोणी परत घेत नाही. पाचरीचा हा दुसरा लाभ.

मालकाने काय करावे?

ड्रायव्हर आणि क्लिनर यांच्या हातात आपण जे साधन देतो, त्याची जबाबदारी आपली असते. नवी गाडी घेताना आपण हौद्यावर जाळी बसवतो, ताडपत्री घेतो, पुढे नाव रंगवून घेतो. त्याच दिवशी पुढील वस्तूंची पेटी करावी: योग्य क्षमतेचा जॅक व त्याची दांडी, नटांना नेमका बसणारा पाना, जाड फळी, दोन पाचरी, परावर्तक त्रिकोण, विजेरी, हातमोजे आणि हवा मोजण्याचे गेज. हा सारा खर्च एका नव्या टायरपेक्षा कमी आहे.

महिन्यातून एकदा स्टेपनीची हवा तपासावी. तीन महिन्यांतून एकदा आवारात, चाक काढल्याशिवाय, जॅकवर गाडी थोडी उचलून दहा मिनिटे ठेवावी आणि ती खाली बसते का ते पाहावे. बसत असेल, तर जॅक त्याच दिवशी दुरुस्तीला किंवा भंगारात द्यावा, "तात्पुरता" ठेवू नये. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२१ असे असेल, तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. स्टेपनीवरचे आकडे वाचून पाहिल्यास कित्येकांना आश्चर्य वाटेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवा क्लिनर ठेवला की त्याला एकदा आवारात, दिवसाउजेडी, घाई नसताना सर्व क्रम करून दाखवावा व त्याच्याकडून करून घ्यावा. रस्त्यात गाडी अडकल्यावर फोन आला, तर "किती वेळ लागेल?" हा आपला पहिला प्रश्न नसावा. मालकाच्या आवाजातली घाई फोनमधून थेट त्या मुलाच्या हातात उतरते.

अण्णा आता नाहीत. पण त्यांनी घालून दिलेली एक रीत आमच्या पेढीवर अजून पाळली जाते. दिवाळीत नव्या वह्या आणण्याच्या दिवशी आधी गाडीची पेटी उघडून सर्वांसमोर मांडली जाते. जॅक, फळी आणि पाचरी मोजल्या जातात, मग वह्यांकडे वळायचे. त्या वेळचा क्लिनर मुलगा आज आमच्याच गाडीचा ड्रायव्हर आहे आणि नव्या पोरांना चाक बदलायला तोच शिकवतो. शिकवताना सर्वांत आधी तो स्टेपनी खाली काढायला लावतो.